अंगणवाडीतलं दुपारचं जेवण: पाचपैकी चार तारे

पहिल्या खेपेला मी ऊसतोडीला होते. पोरगं २ किलो १०० ग्रॅमचं झालं. अडीच किलोच्या आत म्हणजे कमी वजनाचं, हे तेव्हा कळलं. यंदा माहेरी, साक्रीच्या डोंगरपट्ट्यातल्या पाड्यावर राहिले आणि अंगणवाडीत ‘अमृत आहार’ घेतला, म्हणजे आदिवासी भागातल्या गरोदर आणि बाळंतिणींसाठीचं सरकारी जेवण. शेवटचे तीन महिने आणि बाळंतपणानंतर सहा महिने एक वेळचं ताजं जेवण.

भाकरी, भात, डाळ, भाजी, अंडं. डाळ बहुतेकदा पाणीच; शेवग्याचा पाला पडला त्या दिवशी मात्र दोन वाट्या प्यायले. खरा फायदा तिथंच बसून खाण्याचा. घरी आणलं असतं तर अंडं भावाच्या पोरांच्या ताटात गेलं असतं, तेही मीच वाढलं असतं. इथं मदतनीस मावशी समोर उभी: “पोटभर खाय वं माय.” लोहाची गोळीही तिच्यासमोरच गिळायची.

नाला भरला की जेवण बुडायचं. ऑगस्टात असे आठ दिवस गेले.

मुलगी झाली, २ किलो ८०० ग्रॅम. सगळं श्रेय जेवणाला कसं देऊ? यंदा हातात कोयताही नव्हता.

एक तारा डाळीचा कापला.