अंडी आणि मांसासाठी घरच्या कोंबड्या: वर्ष भरत आल्यावरचा अनुभव

अंड्यांसाठी घरी कोंबड्या पाळाव्यात का, असं कुणी विचारलं तर मी आता बिनदिक्कत हो म्हणते. मांसासाठी पाळाव्यात का, याचं उत्तर मात्र लांबतं. एकाच जातीतून, एकाच खुराड्यातून दोन्ही मिळतं हे खरं आहे, पण ही दोन वेगळी कामं आहेत. वेळापत्रक वेगळं, खाद्य वेगळं आणि मनाची तयारीही वेगळी. पिल्लं घरी आली तेव्हापासून पहिली पिसंझड लागेपर्यंत जे पाहिलं ते लिहिते आहे.

जात निवडतानाच निम्मा निर्णय होऊन जातो. नुसती अंडी हवी असतील तर व्हाइट लेगहॉर्न किंवा संकरित लेयर. चांगली लेगहॉर्न वर्षाला 280 च्या घरात अंडी देते, पण तिच्या अंगावर मांस नसतंच. नुसतं मांस हवं तर ब्रॉयलर. सहा-सात आठवड्यांत दोन किलोच्या पुढे जातो. मी मधला रस्ता धरला, ऱ्होड आयलंड रेड आणि ऑस्ट्रलॉर्प. या जाती वर्षाला 200 ते 250 अंडी देतात, कोंबडे कापण्याजोगे व्हायला सोळा ते वीस आठवडे घेतात. पिल्लं नर-मादी न निवडलेलीच घेतली. त्यात साधारण निम्मे कोंबडे निघणार हे धरूनच, कारण मांस तिथूनच येणार होतं. ज्यांना कोंबडे कापायचे नाहीत त्यांनी अशी पिल्लं घेऊच नयेत. चार महिन्यांनी पाच-सहा कोंबडे आरवायला लागले की त्यांना घ्यायला कुणी तयार नसतं.

पिल्लांच्या पहिल्या आठवड्यात ब्रूडरमध्ये, म्हणजे दिव्याने ऊब दिलेल्या पिल्लांच्या बंदिस्त जागेत, 35 अंश सेल्सिअस लागतं. पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी करत न्यायचं, सहाव्या आठवड्यापर्यंत अंगभर पिसं येतात आणि ऊब लागेनाशी होते. थर्मामीटर पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर ठेवा, पण विश्वास पिल्लांवर ठेवा. दिव्याखाली गर्दी करून किंचाळत असतील तर थंडी वाजते आहे, भिंतीला चिकटून चोची उघडून बसली असतील तर उकडतं आहे, आणि पसरून निवांत झोपली असतील तर सगळं ठीक आहे. दिवा साखळीने टांगाच, वर तारेचा दुसरा आधारही द्या. भुशात पडलेल्या दिव्याने आग लागते. मला दिव्यापेक्षा तापणारी प्लेट जास्त आवडली. पिल्लं तिच्याखाली शिरतात आणि रात्री खोलीत खरा अंधार राहतो. पहिल्या आठवड्यात रोज प्रत्येक पिल्लू उलटं धरून पाहायचं. शी वाळून गुदद्वार बंद झालं की पिल्लू एका दिवसात मलूल होतं. कोमट पाण्यात भिजवलेला कापूस धरून ते मऊ करायचं आणि हलक्या हाताने पुसायचं, ओढायचं नाही, कातडी सुटते.

आता खुराडं. माझं सगळं मत या एका गोष्टीभोवती फिरतं. जात, खाद्य, औषधं यांवर लोक खूप बोलतात. पण माझ्या कोंबड्या निरोगी राहिल्या त्याचं श्रेय मी जमिनीवरच्या भुशाच्या कोरड्या गादीला आणि वरच्या झरोक्यांना देते.

तयार खुराड्यांच्या जाहिरातीत जितक्या कोंबड्या मावतील असं लिहिलेलं असतं, तो आकडा सरळ अर्धा करा. मी सुताराकडून करून घेतलं. आत दर कोंबडीमागे चार चौरस फूट, बाहेरच्या जाळीदार अंगणात दहा. याहून दाटी झाली की एकमेकींची पिसं उपटणं सुरू होतं, आणि एकदा रक्त दिसलं की सगळ्या त्याच जागी चोची मारतात.

कोंबडीला वेगळी लघवी नसते. शीवरचा पांढरा थर म्हणजे युरिक अॅसिड. दिवसभरातल्या शीचा मोठा वाटा रात्री, कोंबड्या जिच्यावर बसून झोपतात त्या दांडीखाली पडतो, त्यात श्वासाची वाफ, आणि बंद खुराड्यात या ओलाव्यातून अमोनिया तयार होतो. म्हणून झरोके छपराच्या अगदी खाली, समोरासमोरच्या भिंतींत, दांडीपेक्षा उंच हवेत. मग वारा कोंबड्यांच्या अंगावरून न जाता डोक्यावरून जातो. हवा पुरेशी आहे का हे पाहायचं असेल तर सकाळी दार उघडल्या उघडल्या खाली बसा आणि दांडीच्या उंचीवर नाक नेऊन श्वास घ्या. डोळे चुरचुरले तर कोंबड्यांनी रात्रभर तेच सोसलेलं असतं. उभ्याने हा वास कळत नाही.

खाली मी गादी पद्धत ठेवली आहे. लाकडाचा जाडसर भुसा आणि भाताचं तूस यांचा चारेक इंच थर, वरचेवर उलटसुलट करायचा, दांडीखालचा ओला भाग रोज सकाळी खुरप्याने उचलायचा. मूठभर गादी घट्ट आवळा. हात उघडल्यावर भुरभुरली तर छान, गोळा तसाच राहिला तर ती ओली आहे, कोरडा भुसा घाला किंवा बदला. पाणी सांडणारं भांडं हे ओलाव्याचं दुसरं मोठं कारण. उघड्या थाळ्याऐवजी निपलचं ड्रिंकर लावलं आणि गादी खूप सुधारली. फक्त प्रत्येक निपलमधून थेंब येतो ना हे रोज बोटाने दाबून पाहावं लागतं. उन्हाळ्यात एरवीच्या दुप्पट पाणी पितात. कोंबडीला घाम येत नाही, ती मुख्यतः चोच उघडून धापा टाकून गार होते.

दांडी दोन इंच रुंद, चपटी, कडा गोल केलेली असावी, म्हणजे बसल्यावर पोटाची पिसं बोटांवर येतात. अंडी घालायच्या खोक्यांपेक्षा ती उंच हवी. नाहीतर कोंबड्या खोक्यातच झोपतात आणि रोज शीने माखलेली अंडी गोळा करावी लागतात. चार-पाच कोंबड्यांमागे एक खोका पुरतो. जास्त ठेवले तरी सगळ्या एकाच खोक्यासाठी रांग लावतात.

जाळीवर पैसे वाचवू नका. बारीक तारेची षटकोनी जाळी कोंबड्यांना आत ठेवते, पण कुत्रं ती फाडतं, मांजर पंजा घालतं, उंदीर-घूस आणि साप भोकातून शिरतात. अर्ध्या इंचाची वेल्डमेश, म्हणजे सांध्यांवर वेल्ड केलेली ताठ जाळी लावा, आणि खुराड्याभोवती फूटभर जाळी जमिनीवर आडवी पसरून वर माती टाका. उकरणारं जनावर भिंतीला लागून उकरतं आणि तिथेच जाळीला अडतं. उजेडावर चालणारं स्वयंचलित दार फार सोयीचं आहे, मी कुणालाही घ्या म्हणेन. पण दार बंद झाल्यावर कोंबड्या मोजायच्याच. मागे राहिलेल्या कोंबडीसाठी दार थांबत नाही.

खाद्याचं थोडक्यात सांगते. पिल्लांना 20 ते 22 टक्के प्रथिनांचं स्टार्टर, मग 16 ते 18 टक्क्यांचं ग्रोअर, आणि अंडी सुरू झाल्यावरच लेयर. लेयर खाद्यात साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असतं, ते वाढत्या पिल्लांच्या मूत्रपिंडांना झेपत नाही. शिंपल्याचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवला की जिला हवा ती खाते. स्वयंपाकघरातलं उरलंसुरलं आवडीने खातात, पण ते एकूण खाण्याच्या दहाव्या भागाच्या आतच असावं. बुरशी लागलेलं धान्य कधीही देऊ नका, बुरशीतल्या अफ्लाटॉक्सिन या विषाने यकृत जातं.

अंडी यायच्या आधी चिन्हं दिसतात. तुरा फिकट गुलाबीचा लालभडक होतो आणि जवळ गेलं की तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली तरुण कोंबडी, पंख किंचित उचलून खाली दबून बसते. माझ्याकडे त्यानंतर लवकरच पहिली अंडी आली, वय बावीस आठवड्यांच्या आसपास. सुरुवातीची अंडी लहान, एखादं दोन बलकांचं, एखादं बिनकवचाचं, नुसत्या पडद्याचं. हे काही आठवड्यांत आपोआप सुरळीत होतं. एक अंडं तयार व्हायला 24 ते 26 तास लागतात, त्यातले वीसेक तास नुसत्या कवचाचे. म्हणून कोंबडी रोज थोडं उशिरा अंडं घालते आणि मग एक दिवस सुट्टी घेते. अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही. हे मला अजूनही दर आठवड्याला कुणाला तरी सांगावं लागतं.

कोण अंडी देते आणि कोण नाही हे हाताने कळतं. कोंबडी काखेत धरायची, शेपटीखाली दोन्ही बाजूंना दोन टोकदार हाडं लागतात. त्यांच्यामध्ये दोन-तीन बोटं सहज बसली आणि गुदद्वार मोठं, ओलसर, फिकट असेल तर ती देते आहे. जेमतेम एक बोट बसलं आणि ती जागा आकसलेली, पिवळसर असेल तर बंद आहे. पिवळ्या कातडीच्या जातींमध्ये हा पिवळेपणा अंडी देताना आधी तिथून, मग चोचीतून आणि शेवटी पायांतून उतरत जातो.

एक ऑस्ट्रलॉर्प खुडूक झाली, म्हणजे अंडी उबवायला बसली. खोक्यात फुगून बसायची, हात लावला की गुरगुरायची. पिल्लं काढायची नसतील तर अशा कोंबडीला तळाला जाळी असलेल्या पिंजऱ्यात, दाणा-पाणी देऊन, तीन-चार दिवस उजेडात ठेवायचं. पोटाखाली हवा खेळली की ती भानावर येते. अंडी मी धूत नाही. कवचावर नैसर्गिक थर असतो, तो रोगजंतूंना अडवतो. थोडी घाण असेल तर कोरड्या फडक्याने पुसते, फार माखलेलं अंडं कोमट पाण्याने धुऊन त्याच दिवशी वापरते. गार पाण्याने धुतलं तर आतली हवा आकसून घाण छिद्रांतून आत ओढली जाते.

आजारांत दोन नावं पाठ असावीत. मानमोडीला उपचार नाही, फक्त लस आहे. पहिला डोस पहिल्याच आठवड्यात डोळ्यात थेंब टाकून, पुढचे पशुवैद्य सांगतील तसे. मरेक्स या विषाणूच्या रोगाची लस हॅचरीतच, म्हणजे पिल्लं उबवली तिथेच, पहिल्या दिवशी दिलेली आहे का हे विचारून घ्या. दुसरी रक्ती हगवण, म्हणजे कॉक्सिडिओसिस. तीन ते सहा आठवड्यांच्या पिल्लांना गाठते आणि ओल्या गादीत फोफावते. पुन्हा तीच गादी. पिल्लू पिसं फुलवून कोपऱ्यात उभं राहिलं आणि शीत रक्त दिसलं तर त्याच दिवशी औषध सुरू व्हायला हवं. एकाएकी बऱ्याच कोंबड्या मेल्या तर हात न लावता पशुवैद्यकीय खात्याला कळवा.

मांसाचं सांगायचं तर कोंबडे चौदा-पंधरा आठवड्यांचे झाले तसे तलंगांच्या मागे लागले, पाठीवरची पिसं गेली. त्यांना वेगळ्या जाळीत ठेवावं लागलं, आणि ही दुसरी जागा आधीपासून तयार हवी. कापायचं काम मी जाणत्या माणसाबरोबर उभं राहून शिकले. आदल्या रात्रीपासून दाणा बंद, पाणी चालू, म्हणजे आतडी रिकामी राहतात. डोकं खालून बाहेर येईल अशा शंकूच्या आकाराच्या भांड्यात उलटं ठेवलं की कोंबडा शांत होतो, धडपडत नाही. सुरी खरोखर धारदार हवी, मानेच्या दोन्ही शिरा एकदम कापल्या जायला हव्यात. मग 60 ते 65 अंशांच्या पाण्यात मिनिटभर. पाणी याहून गरम झालं तर कातडी फाटते, गार असेल तर पिसं निघत नाहीत. पंखांची मोठी पिसं सहज उपटली गेली की बास.

मला ते जड गेलं आणि पुढेही जाईल. ज्याला मी चोचीत पाणी लावून प्यायला शिकवलं, त्याला हातात धरून नेणं सोपं होऊ नये असंच मला वाटतं. पण या कोंबड्यांना ऊन, माती आणि उकरायला जागा मिळाली होती, शेवट काही सेकंदांत झाला, आणि ते मांस खाताना मला काहीही डोळ्याआड ठेवावं लागलं नाही. हे मला महत्त्वाचं वाटतं.

मांस कापल्या कापल्या शिजवू नका. स्नायू ताठरलेले असतात, दिवस-दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवलं की सैल होतात. छाती ब्रॉयलरपेक्षा पुष्कळ अरुंद, मांड्या गडद आणि घट्ट. मंद आचेवर तासभर तरी हवं. रस्सा अप्रतिम होतो. मांसाच्या मानाने खाद्य मात्र ब्रॉयलरपेक्षा खूपच जास्त लागतं. औषध चालू असेल तर ते बंद केल्यावर किती दिवस अंडी-मांस वर्ज्य आहे हे वेष्टनावर पाहा आणि पाळा.

पैशांचा हिशोब ज्याला हवा त्याला हा पुरेल. अंड्यावरची कोंबडी दिवसाला 110 ते 120 ग्रॅम खाद्य खाते. सहा कोंबड्यांना महिन्याला साधारण 21 किलो, आणि भर हंगामात दिवसाला चार-पाच अंडी. म्हणजे एका अंड्यामागे दीडशे ग्रॅमच्या आसपास खाद्य. खुराड्याचा खर्च वेगळा. विकतपेक्षा स्वस्त पडेल या आशेने सुरू करू नका. बलकाचा रंग, ताजेपणा, बागेला मिळणारं खत आणि घरातल्या मुलांना अन्न कुठून येतं हे दिसणं, यासाठी करा. मुलांना कोंबड्या हाताळल्यावर साबणाने हात धुवायची सवय मात्र पहिल्या दिवसापासून लावा, साल्मोनेला हा रोगजंतू डोळ्यांना दिसत नाही.

सध्या दोघींची पिसं झडताहेत आणि त्यांची अंडी बंद आहेत. पिसं जवळजवळ सगळी प्रथिनांची असतात, म्हणून सगळ्यांना लेयरऐवजी जास्त प्रथिनांचं ग्रोअर आणि बाजूला शिंपल्याचा चुरा, असं चालू केलं आहे. दोन-तीन महिन्यांत त्या पुन्हा सुरू होतील. पुढची पिल्लं मी आताच आणते आहे, म्हणजे पुढच्या पिसंझडीच्या बऱ्याच आधी ती अंड्यावर येतील. या वेळी अंड्यांसाठी निवडलेल्या माद्या, आणि मांसासाठी वेगळी, छोटी ब्रॉयलरची तुकडी. नव्या तलंगांना जुन्यांत सोडण्याआधी तीन-चार आठवडे जाळीआड शेजारी ठेवणार आहे, दोन फीडर दोन टोकांना लावून.