पांगुळगाडा, सात महिन्यांनंतर: लाकूड उत्तम, चाकाचा खिळा धोक्याचा

खिळा इंचभर लांबीचा होता. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याजवळ पडलेला, आणि नात त्याच्यापासून हातभर अंतरावर बसून गाड्याचं निखळलेलं चाक गरगर फिरवत होती. या वयात हाताला लागेल ते तोंडात जातं. त्याच दिवशी लिहायला बसलो होतो, पण रागात सगळं खरं उतरलं नसतं. याच गाड्याला धरून ती चालायला शिकली, तेही सांगायला हवं.

गाडा नेहमीचाच. तीन चाकं, पुढे एक, मागे दोन, वर धरायला आडवी दांडी. ऑनलाइन ८५० रुपयांना घेतला तेव्हा नात दहा महिन्यांची होती. घरात त्याआधी गाणी वाजवणारा, आत बसवायचा प्लास्टिकचा वॉकर भेट आलेला होता. विहीणबाईंनी प्रेमानं आणलेला, त्यामुळे बोलणं जड गेलं, पण मी तो माळ्यावर ठेवायला लावला. त्यात मूल लोंबकळतं, चवड्यांवर ढकलत जातं, स्वतःचं पूर्ण वजन पायांवर घेत नाही. शिवाय त्याचा वेग एवढा की आपण उठेपर्यंत ते जिन्याशी पोचलेलं असतं. कॅनडात 2004 पासून अशा वॉकरच्या विक्रीवर बंदी आहे आणि अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनंही तीच मागणी केली आहे. पांगुळगाड्यात मूल उभं राहतं ते स्वतःच्या पायांवर, आणि थकलं की दांडी सोडून मटकन खाली बसतं.

पहिला महिना साताऱ्याच्या घरी गेला. तिथे शहाबादी फरशी. गाडा जरा अडखळत, खडखडत चालायचा आणि तिच्या पावलाबरोबर राहायचा. मी खूश होतो. मग मुलाच्या पुण्यातल्या फ्लॅटमध्ये नेला. तिथल्या गुळगुळीत टाइल्सवर तोच गाडा तिच्या हातून सुटून पुढे पळाला आणि ती हनुवटीवर आपटली. सूनबाई म्हणाली, "बाबा, परत पाठवूया." मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं. पाचात दोन गुण दिले असते.

मी एसटीच्या वर्कशॉपमध्ये 31 वर्षं काढली आहेत, त्यामुळे चाकावरून नजर हलत नव्हती. सायकलची जुनी ट्यूब आडवी कापली आणि तिची रुंद कडी तिन्ही चाकांवर ताणून चढवली. सायकलच्या दुकानदारानं ट्यूबचे पैसेही घेतले नाहीत. रबरामुळे फरशीवर पकड आली आणि खडखड थांबली. खालच्या घरातल्यांची तक्रारही गेली. दुसरा दोष होता दांडीच्या जागेचा. दांडी मागच्या आसाच्या बरीच मागे होती. बसलेलं मूल दांडीला लोंबकळून उठायला गेलं की पुढचं चाक उचलायचं आणि गाडा त्याच्या अंगावर यायचा. पुढच्या फळीला दोन किलो वाळूची पिशवी घट्ट बांधली आणि ते थांबलं. घेण्याआधी एवढं जरूर बघा: दांडी मागच्या चाकांच्या सरळ वर किंवा किंचित पुढे असावी. रंग, चित्रं, घुंगरू नंतर.

एवढं केल्यावर माझं मत बदललं. अकरा महिन्यांची झाल्यावर ती रोज सकाळी गाडा बैठकीच्या खोलीतून गॅलरीपर्यंत नेऊ लागली. भिंतीला अडला की मान वळवून माझ्याकडे पाहायची, मी वळवून द्यायचो. पुढे पुढे ती स्वतःच मागच्या बाजूला जाऊन ओढायला शिकली. अडलं तर काय करायचं, हे तिचं तिला सुचलं.

"अजून एकटी चालत नाही का?" असं विचारणाऱ्यांसाठी सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेनं 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात निरोगी मुलांनी आधाराशिवाय चालायला लागण्याचा काळ 8.2 ते 17.6 महिने इतका रुंद निघाला. आमची सव्वा वर्षाची झाल्यावर चालली. आणि पडण्याला घाबरू नका. न्यूयॉर्कच्या मानसशास्त्रज्ञ कॅरन अडॉल्फ यांच्या 2012 च्या अभ्यासात 12 ते 19 महिन्यांची मुलं तासाला सरासरी 2,368 पावलं टाकतात आणि 17 वेळा पडतात असं आढळलं. ते वाचून सूनबाईचा जीव भांड्यात पडला.

मग गाडा घेतल्यावर पाचव्या महिन्यात तो खिळा. चाक आसावर रोखून धरायला आडव्या भोकात नुसता खिळा ठोकलेला होता. लाकूड सुकलं, भोक सैल झालं, खिळा गळून पडला. विक्रेत्याला फोटो पाठवले. उत्तर आलं की परत करायची मुदत दहा दिवस, आणि लाकडी वस्तूला वॉरंटी नसते. मला 850 रुपये नको होते. बाकीचे गाडे ज्या घरांत गेले त्यांना कळवा, एवढंच मागत होतो. चार वेळा फोन केला, चारही वेळा तेच उत्तर. खोक्यावर आयएसआय चिन्ह नव्हतं, हेही तेव्हाच पाहिलं. 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांना ते सक्तीचं आहे. नोंदणीकृत हस्तकारागिरांना सूट आहे, पण मग तो कारागीर कोण हे विक्रेत्यानं सांगायला हवं. तेही सांगितलं नाही.

मी खिळे काढून प्रत्येक चाकाला वॉशर आणि कॉटर पिन (दोन टोकांची, वळवून अडकवायची पिन) बसवली, पिनेची टोकं वळवून वर कापडी चिकटपट्टी गुंडाळली. खर्च 40 रुपये. कारखान्यात हेच केलं असतं तर याहूनही कमी लागले असते, म्हणून राग जात नाही.

आता नात गाड्यात कांदे-बटाटे भरून स्वयंपाकघरात पोचवते. लाकडाला तडा नाही, रंग उडालेला नाही. लाकडाला पाच, चाकांच्या जोडणीला शून्य. वरच्या मजल्यावरच्या बाळासाठी गाडा मागितलाय. देण्याआधी सगळ्या पिना नव्या घालणार आहे, आणि दर रविवारी चाकं ओढून पाहा असं त्या आईला सांगणार आहे.