कोरियन शोजची इंग्लिश टायटल्स: एजन्सी बरी की थेट टीम?

कोरियन व्हरायटी शोजच्या यूट्यूब क्लिप्सना इंग्लिश टायटल्स लिहायचं काम एकतर लोकलायझेशन एजन्सीकडून (म्हणजे मजकूर दुसऱ्या भाषेच्या प्रेक्षकांसाठी तयार करून देणारी मधली कंपनी) मिळतं, नाहीतर सोलमधल्या प्रॉडक्शन टीमकडून थेट. मी दोन्ही केलंय, अजूनही थोडंथोडं दोन्ही चालू आहे, म्हणून आता कुठे अप्लाय करावं या विचारात असलेल्यांसाठी लिहितोय.

पैशाचं म्हणाल तर एजन्सी बरी. रेट कमी, पण महिनाअखेरीला पैसे येतात, आणि ग्लॉसरी, म्हणजे नावांची आणि शब्दांची ठरलेली यादी, तयार मिळते, म्हणून कुठल्या आयडॉलचं स्पेलिंग ऑफिशियली काय, कुठलं नाव पूर्ण कॅपिटलमध्ये, हे शोधत बसावं लागत नाही. थेट कामात ते सगळं आपणच करायचं, वर बँकेला पर्पज कोड द्या (परदेशातून आलेले पैसे कशाचे ते सांगणारा कोड), आणि चुसॉक या कोरियन सणाची सुट्टी लागली की तिकडचं ऑफिस बंद, इन्व्हॉइस पडून.

पण माझं घोडं अडलं ते वेगळ्याच गोष्टीवर. एजन्सी व्हिडिओच दाखवत नाही, निदान मला तरी नाही दाखवला, लीकची भीती. शीटमध्ये कोरियन टायटल आणि दोन ओळींचा सारांश, बस. आता कोरियनमध्ये कर्ता सर्रास गाळतात आणि क्रियापदावरून बाई की पुरुष काही कळत नाही. 'शेवटी रडू आलंच' एवढंच लिहिलेलं आणि शोमध्ये पाहुणे चार, मग रडलं कोण? इंग्लिशमध्ये 'he' किंवा 'she' लिहावंच लागतं. विचारायचं तर प्रश्न कोऑर्डिनेटरकडे, तिथून क्लायंटकडे, सोल आपल्यापुढे साडेतीन तास, आपल्याकडे तीन वाजले की तिकडे ऑफिस सुटायची वेळ, आणि डेडलाइन त्याच दिवशीची. मग गोलमोल काहीतरी लिहून द्यायचं, ज्यावर कुणी क्लिक करत नाही. हे मला फार लागायचं.

थेट टीम काकाओटॉक या कोरियन मेसेजिंग अ‍ॅपवर रफ कट (व्हिडिओचं कच्चं एडिट) आणि थंबनेल (क्लिपवर दिसणारं चित्र) दोन्ही पाठवते. एका क्लिपमध्ये पैज हरलेला माणूस भांडी घासतोय आणि त्याच्या पाठीमागे बाकीचे चोरून रामयॉन (कोरियन इन्स्टंट नूडल्स) खातायत, सारांशात फक्त भांड्यांचा उल्लेख होता, खरी मजा रामयॉनची. ते टायटलमध्ये अगदी सुरुवातीलाच घेतलं, कारण लिमिट शंभर कॅरेक्टर्सची असली तरी मोबाईलवर पुढचं कापलं जातं.

घर याच पैशावर चालत असेल तर एजन्सी सोडा असं मी म्हणणार नाही, नवीन असाल तर ग्लॉसरीवर हातही चांगला बसतो. पण एखादी थेट टीम मिळत असेल तर थोडी धावपळ सोसून घ्याच. आणि एजन्सीतच राहिलात तर निदान थंबनेल तरी मागून घ्या, मागितलं तर काहीजण देतात.