चढत्या लयीचं सॅम्पल आणि एबलटन लाईव्ह 11 : आठ महिन्यांच्या वापरानंतर

चोर बाजारातून आणलेली जुनी तबकडी सॅम्पल करून, म्हणजे तिच्यातला तुकडा उचलून, बीटमध्ये घ्यायची तर पहिली अडचण लयीची. ती गाणी क्लिकवर, म्हणजे मेट्रोनोमच्या ठोक्यावर, वाजवलेली नाहीत. ढोलकीवाला अंतऱ्यात चढतो, मुखड्यावर परत सावरतो. एबलटन लाईव्ह या संगीत बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये वार्पने, म्हणजे आवाज ताणून-आखडून लयीत बसवण्याच्या सोयीने, हे सगळं हाताळता येतं, पण आधी ‘ऑटो-वार्प लाँग सॅम्पल्स’ (लांब सॅम्पलची लय आपोआप ओळखणं) बंद करा. यंत्र ठोके ओळखताना आघात बघतं, आणि मुंबईच्या पावसाळ्यात बुरशी धरलेल्या तबकडीची कडकड हाही त्याच्या लेखी आघातच असतो. तबकडी डिस्टिल्ड वॉटर आणि मायक्रोफायबरने पुसूनच रेकॉर्ड करा.

एक हिशोब मांडतो. केरव्याचं आठ मात्रांचं आवर्तन 4/4 च्या, म्हणजे चार ठोक्यांच्या, एका बारमध्ये बसवलं, म्हणजे प्रत्येक मात्रा अर्ध्या ठोक्याची धरली. सुरुवातीला आवर्तनाला 2.6 सेकंद लागतात, म्हणजे 240 भागिले 2.6, साधारण 92.3 बीपीएम (मिनिटाला ठोके). सोळाव्या आवर्तनाला 2.5 सेकंद, म्हणजे 96. संपूर्ण तुकडा 92.3 चा धरून ड्रम लावले, तर शेवटी सॅम्पल सुमारे 0.8 सेकंद पुढे निघून गेलेलं असतं. हे एका ठोक्याहून जास्त आहे. कानाला ते सातव्या-आठव्या बारपासूनच खटकायला लागतं.

उपाय म्हणून बरेच जण प्रत्येक ठोक्यावर वार्प मार्कर (आवाजातली जागा बारमध्ये पक्की करणारी खूण) ठोकतात. माझ्या मते सगळ्यात मोठी चूक हीच. ठोके ग्रिडवर, म्हणजे बारच्या समान रेषांवर, येतात खरे, पण ढोलकीची लचक मरते, आणि त्या लचकेसाठीच तर सॅम्पल घेतलेलं असतं. मार्कर फक्त समेवर, आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, द्या. पहिल्या समेची थाप झूम करून शोधा, राइट-क्लिक करून ‘सेट 1.1.1 हिअर’ करा. बीपीएमच्या खान्यात वरच्यासारखा काढलेला आकडा भरा. मग पुढच्या समेच्या थापेवर डबल-क्लिक करून मार्कर बारच्या रेषेवर ओढा. असं दर आवर्तनाला करत जा. लय स्थिर असेल तिथे दर दोन आवर्तनांना पुरे. आतल्या मात्रांना हात लावू नका. दादरा असेल तर प्रोजेक्ट आधी 6/8 वर घ्या, चारच्या ग्रिडवर सहा मात्रांची सम सापडणारच नाही.

ड्रम मात्र ग्रिडवरच राहतात, म्हणून कडक वाटतात. त्यासाठी त्याच क्लिपवरून (लाईव्हमध्ये ठेवलेल्या सॅम्पलवरून) ‘एक्स्ट्रॅक्ट ग्रूव्ह’ करा, म्हणजे तिची लचक उचला, आणि हाय-हॅटवर 60 ते 70 टक्के टायमिंगने लावा. किक सरळ ठेवलेली बरी.

आता वार्पचा मोड, म्हणजे आवाज ताणण्याची पद्धत. रि-पिच (वेगाबरोबर स्वरही बदलणारा) कानाला सर्वात स्वच्छ, पण चढत्या लयीला घातक. वरचाच तुकडा 90 वर आणला तर सुरुवात 0.44 सेमीटोन (अर्धस्वर) उतरते आणि शेवट 1.12 सेमीटोन. म्हणजे हार्मोनियम गाण्याच्या ओघात बेसूर होत जाते. एकदोन आवर्तनांच्या लूपला हा मोड उत्तम. नुसत्या ढोलकीला बीट्स मोड. गळा आणि पेटी एकत्र असेल तर कॉम्प्लेक्स प्रो. प्रोसेसरवर भार पडतो, म्हणून काम झाल्यावर ट्रॅक फ्रीझ करा, म्हणजे तो तयार ऑडिओ म्हणून वाजतो. भोक मध्यावर नसलेल्या तबकडीचा स्वर हलतो, 33⅓ वर दर 1.8 सेकंदांनी एक हेलकावा. तो कुठल्याच मोडने जात नाही. दुसरी प्रत शोधा.

सॅम्पल लांब असेल, पूर्ण अंतरा घ्यायचा असेल, तर उलट वाट धरा. मार्कर तेच, फक्त अरेंजमेंटमध्ये (गाण्याच्या टाइमलाइनवर) क्लिपला ‘लीडर’ करा. मग सॅम्पल मूळ वेगाने वाजतं आणि प्रोजेक्टचा टेम्पो त्याच्यामागे चढतो-उतरतो. या आवृत्तीतली ही सोय मला सगळ्यात मोलाची वाटते, कारण वादकाची लय वादकाकडेच राहते. टेम्पोशी सिंक केलेला डिले (प्रतिध्वनी) मात्र ‘फेड’वर ठेवा, ‘रिपिच’वर असेल तर टेम्पो बदलताच त्याची शेपटी सुरातून घसरते.

सगळं जमलं की क्लिपचं ‘सेव्ह’ बटण दाबा. मार्कर सॅम्पलशेजारच्या एएसडी फाइलमध्ये जातात. हार्ड डिस्क बदलताना ती फाइल सोबत न्या, नाहीतर ते सॅम्पल नव्या प्रोजेक्टमध्ये ओढल्यावर सम पुन्हा पहिल्यापासून शोधावी लागते.