मुधोळ की राजापालयम? कोकणातल्या घराला कुठलं कुत्रं झेपेल

मावसभावाने गुहागरला बागेतच घर बांधलंय आणि आता त्याला कुत्रं हवंय, पण लॅब नको, जर्मन शेफर्ड नको, कामाचं देशी कुत्रं हवं, आणि गाडी अडलीये ती मुधोळ घेऊ की राजापालयम इथे. आमच्याकडे सहा वर्षं मुधोळची कुत्री आहे आणि सावंतवाडीला मामांकडे राजापालयम, म्हणजे दोन्ही जवळून बघितलीयत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मुधोळ म्हणजे आपल्याकडे ज्याला कारवान म्हणतात तेच. कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यातल्या मुधोळचं, तिथल्या घोरपडे संस्थानिकांनी ही जात सांभाळली आणि वाढवली. नजरेने शिकार हेरून पळत गाठणारं कुत्रं, त्यामुळे सगळी बांधणीच पळण्याची, लांब डोकं, खोल छाती, खपाटीला गेलेलं पोट, नवीन माणूस हमखास विचारतो की याला खायला घालत नाही का. राजापालयम तामिळनाडूतल्या विरुधुनगर जिल्ह्यातलं, पांढरंशुभ्र, गुलाबी नाक, सोनेरी डोळे, अंगाने मुधोळपेक्षा भरलेलं, रानडुकराच्या शिकारीला आणि घर राखायला वापरायचे. पोस्टाने २००५ मध्ये चार देशी जातींची तिकिटं काढली त्यात ही दोन्ही होती.

आता खरी गोष्ट, पाऊस. दोन्ही कुत्री कोरड्या मुलखातली आणि आपल्याकडे चार महिन्यांत ३००० मिलिमीटरच्या वर पडतो. मुधोळचे केस इतके बारीक की पंच्याने पुसलं की सुकतं, पण अंगावर चरबी नाही म्हणून आमची राणी जुलैत रात्री कुडकुडते, तिला पडवीत लाकडी फळी, त्यावर गोणपाट आणि वर जुनी गोधडी लागते. नुसत्या लादीवर झोपली तर कोपरांना घट्टे पडतात, पहिल्या वर्षी आम्हाला कळलं नाही आणि एक घट्टा चिघळला. राजापालयमचा त्रास वेगळा, त्याची कातडी गुलाबी आणि नाजूक, पावसाळ्यात खाज आणि बुरशी, मे महिन्यात उघड्या कातळावर फिरलं तर नाकाला आणि कानाला ऊन भाजतं. मामांकडे जून ते सप्टेंबर डॉक्टरकडे खेपा ठरलेल्या. एक फायदा मात्र आहे, पांढऱ्या अंगावर गोचीड लांबूनही दिसते, आमच्या तपकिरी राणीला रोज संध्याकाळी कानामागे आणि बोटांच्या बेचक्यात बोटं फिरवून शोधावं लागतं, आणि तो कंटाळा केला की गोचिडीचा ताप आलाच म्हणून समजा. लेप्टोची, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या तापाची, लस दोन्हीला, भातशेती जवळ असेल तर चुकवूच नका.

राजापालयम घेणार असाल तर ऐकू येतं का ते आधी बघा, प्लीज. पूर्ण पांढऱ्या कुत्र्यांमध्ये बहिरेपणा आढळतो. मामांना पिल्लू देणाऱ्याने काही सांगितलं नाही, महिनाभराने कळलं, ते खळ्यात झोपलेलं आणि मामी मागून पितळी ताट घेऊन आली, ते हातातून सुटून दगडावर आदळलं तरी पिल्लाने डोळासुद्धा उघडला नाही. आता ते कायम बांधून किंवा कुंपणात, कारण रस्त्यावर गेलं तर गाडीचा आवाज त्याला कळणार नाही. तुम्ही पिल्लू झोपलेलं असताना त्याच्या मागे डब्याचं झाकण वाजवून बघा, पुढे उभं राहून टाळ्या वाजवू नका, ते हात बघून वळतं. एकाच कानाने बहिरं असेल तर हे घरी कळत नाही, त्याला शहरातली मशीनवरची तपासणीच लागते.

मुधोळचं अवघड कुठे, तर पळणं. आपला चिऱ्याचा गडगा कंबरेइतका, तो ते सहज टाकतं, आणि काही हललं की हाक ऐकूच येत नाही त्याला. राणीने शेजारच्या दोन कोंबड्या मारल्या, भरपाई दिली, माफी मागितली, मग पाच फुटी जाळी मारली. रानात मोकळं सोडून ससे धरायला लावणं हा तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हाच. आणि बिबट्याचा भाग असेल तर रात्री दोन्हीपैकी कुठलंही कुत्रं घरात, बाहेर साखळीला अजिबात नाही.

माकडांसाठी कुत्रं हवंय असं बरेच जण म्हणतात. मुधोळ जमिनीवरची माकडं पळवतं हे खरं, पण ती कलमावर चढली की ते खाली उभं, आणि वानराचा मोठा नर उलटला तर टाके पडतात. बरोबर माणूस हवाच.

राखणीला राजापालयम जास्त कडक. ते अनोळखी माणसाला सहजासहजी जवळ करत नाही आणि एकाच माणसाला धरून राहतं. हे मुंबईच्या बंगल्यात ठीक, पण आपल्याकडे गणपतीला घरात वीस चाकरमानी आणि शिमग्याला पालखी ढोलासकट अंगणात, तेव्हा मामा स्वतः त्याला घेऊन मागच्या खोलीत बसतात. मुधोळसुद्धा परक्याने अंगाला हात लावलेला खपवून घेत नाही पण ते उठून दुसरीकडे जाऊन बसतं, पोरांना एवढंच शिकवलं की मागून मिठी मारायची नाही.

त्यामुळे माझं मत मुधोळ, पण जाळी आधी, कुत्रं नंतर. राजापालयम त्यानेच घ्यावं ज्याच्या घरात एक माणूस बाराही महिने असतो आणि कातडीची निगा राखायचा कंटाळा नाही. घराला कुलूप लावून मुंबईला जाणार असाल आणि गडी भात घालेल असं म्हणत असाल तर दोन्ही नको.

मुधोळ तालुक्यात तिम्मापूरला कर्नाटकच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं श्वान संशोधन केंद्र आहे, तिथे आधी चौकशी करा. कुठूनही घेतलंत तरी आई बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. खोल छातीची कुत्री आहेत, एकदम पोटभर घालू नका, दोनदा थोडं थोडं, खाल्ल्यावर तासभर पळवायचं नाही, आणि मुधोळला भूल द्यायची वेळ आली तर हे बारीक शिकारी जातीचं आहे हे डॉक्टरला आवर्जून सांगा. पिल्लू दिवाळीनंतर आणा, म्हणजे पहिला पाऊस लागेपर्यंत ते अंगाने धरलेलं असतं.