मँगोस्टीनच्या नावावर आलेली तीन रोपे

मँगोस्टीन या उष्ण कटिबंधातल्या फळझाडाचे म्हणून घेतलेले रोप दुसऱ्याच उन्हाळ्यात माझ्या कमरेला लागले, तेव्हा मी त्याचे छायाचित्र काढून परिचितांना पाठवले आणि आभाराच्या दोन ओळी लिहून विक्रेत्यालाही पाठवले. खरे तर त्याच दिवशी माझ्या मनात पाल चुकचुकायला हवी होती. बियांपासून वाढवलेले मँगोस्टीन पहिल्या दोन वर्षांत जेमतेम फूटभर होते. त्याच्या सोटमुळाला उपमुळे फार थोडी फुटतात, त्यामुळे खतपाणी कितीही केले तरी ते आपल्याच चालीने वाढते. हे मी वाचलेले होते. तरीही रोपाच्या वेगाचे श्रेय मी खुशाल स्वतःच्या हाताला दिले.

मी राहते तिथे हिवाळ्यात पारा शून्याखाली जातो, त्यामुळे उष्ण कटिबंधातली झाडे मी काचेने बंद केलेल्या पडवीत, हीटर लावून वाढवते. असे वेड असणारी माणसे जाहिरातीला कशी भुलतात, हे त्या विक्रेत्याला नेमके ठाऊक असावे. त्याच्याकडची रोपे तीन वर्षांची, कलमी आणि ‘थंडीला सरावलेली’ होती, आणि त्यांना दोन वर्षांत फळ धरणार होते. बियांपासून वाढलेल्या मँगोस्टीनला पहिले फळ यायला साधारण आठ ते पंधरा वर्षे लागतात. ती वर्षे वाचणार या आशेने मी तीन रोपे मागवली आणि हौसेपोटी दहा बियांचे एक पाकीटही घेतले.

आधी बियांचे सांगते, कारण फसवणुकीची रीत तिथे उघडी दिसते. बिया कागदी पाकिटात आल्या, पाकीट हलवले की खुळखुळत होत्या, आणि वाळलेल्या बिया जास्त टिकतात असे विक्रेत्याचे म्हणणे होते. धान्याच्या बाबतीत ते खरे आहे. मँगोस्टीन, ड्युरियन, रामबुतान यांच्या बाबतीत मात्र उलटे असते, कारण त्यांचे बी वाळले की मरते. रॉबर्ट्स या शास्त्रज्ञाने १९७३ मध्ये बियांचे जे दोन गट सांगितले, त्यांतल्या न वाळवता येणाऱ्या गटात ही फळे मोडतात. मँगोस्टीनचे बी फळात असेपर्यंत तीन ते पाच आठवडे तग धरते. फळातून काढल्यावर ओलसर शेवाळात किंवा कोकोपीटमध्ये गुंडाळले नाही, तर काही दिवसांतच निकामी होते. जिवंत बी तीन आठवड्यांच्या आसपास रुजते आणि सहा आठवड्यांत बहुतेक सगळ्यांचा निकाल लागतो. माझ्या बियांचे सहा आठवडे उलटून गेले, तेव्हा मी विचारणा केली. दुर्मीळ झाडे आहेत, तीन महिने तरी धीर धरावा, असे उत्तर आले. मी धरला. तीन महिन्यांनी एक बी उकरून नखाने दाबले, तर आत तपकिरी भुसा होता. खरेदीच्या तक्रारीची मुदत साठ दिवसांची होती आणि ती महिन्यापूर्वीच संपली होती. ही झाडे सावकाश वाढतात हे सगळ्यांना माहीत असते, आणि या धंद्यातले लबाड लोक नेमके त्या सावकाशीवर जगतात. त्यांना ग्राहकाचे समाधान करायचे नसते, मुदत उलटेपर्यंत त्याला फक्त थोपवून धरायचे असते.

एवढे होऊनही रोपांबद्दल मला शंका आली नाही, कारण रोपे तर डोळ्यांसमोर हिरवीगार होती.

पहिल्या हिवाळ्यात एका रात्री हीटर बंद पडला आणि पहाटे पडवीतला पारा तीन अंशांवर दिसला. मँगोस्टीनची लहान रोपे सात अंशांच्या आसपासच दगावतात. माझ्या तिन्ही रोपांचे एक पानही करपले नाही, आणि ‘थंडीला सरावलेली’ हे शब्द खरे ठरले म्हणून मी हरखून गेले. मँगोस्टीनचे बी परागीकरणाशिवायच तयार होते आणि त्यातून उगवणारे रोप जवळजवळ आईची नक्कल असते, त्यामुळे थंडी सोसणारा नवा वाण बियांमधून निवडून काढणे सोपे काम नाही, हे मी थोडा विचार केला असता तर माझ्याच लक्षात आले असते. रोप थंडीत टिकले हे खरेच होते. पण ते मँगोस्टीन नव्हते.

हे उमगले ते एका वनस्पती उद्यानाच्या काचघरात. तिथे खऱ्या मँगोस्टीनचे पान मी पहिल्यांदा हातात धरले. ते जाड, चामड्यासारखे, लंबवर्तुळाकार आणि तळहाताहून थोडे लांब होते. माझ्या रोपांची पाने अरुंद, खाली लोंबणारी आणि फूटभर लांब होती, आणि कोवळ्या फांद्या गोल नसून त्यांना कडा होत्या. तिथल्या जाणकारांना मी मोबाइलवरचे छायाचित्र दाखवले, तेव्हा त्यांनी क्षणभरही न थांबता नाव सांगितले, गार्सिनिया झॅन्थोकायमस. हे मँगोस्टीनच्याच कुळातले, म्हणजे कोकमाचेही भाऊबंद. ते वाढायला सोपे, पिवळ्या आणि आंबट फळाचे, आणि थंडीला बरेच काटक. दोन्ही झाडांची साल खरवडली की पिवळाच चीक येतो, त्यामुळे चीक पाहून खात्री करण्याचा जो उपाय सांगितला जातो, तो इथे कुचकामी आहे.

विक्रेत्याने खुलासा लगेच केला. कलमाची काडी, म्हणजे वर जोडलेली मँगोस्टीनची फांदी, मेली असेल आणि खालचा खुंट, म्हणजे ती ज्यावर जोडतात ते दुसरे रोप, फुटून वाढला असेल, त्यात त्याचा दोष नाही. हा खुलासा ऐकायला बिनतोड वाटतो, कारण असे खरेच घडते. त्या संध्याकाळी मी रोपाच्या बुंध्याशी गुंडाळलेली कलमाची पट्टी, जी सांधा दुखावेल म्हणून मी इतके दिवस सोडली नव्हती, ब्लेडने कापून हळूहळू उलगडली. आत सांधा नव्हता. पाचरीचा काप, सालीची गाठ, खुंट आणि काडी यांच्या रंगातला फरक, काहीच नव्हते. पट्टीच्या दाबाने उमटलेले वळ तेवढे होते आणि खोड खालपासून वरपर्यंत एकसंध, गुळगुळीत होते. तिन्ही रोपांच्या पट्ट्या सोडल्या, तिन्हींची तीच गत. साध्या रोपाला कोणी मुद्दाम बसून पट्टी गुंडाळली होती.

तक्रार करायला गेले तेव्हा आणखी एक फास लक्षात आला. पार्सलवर ‘शोभेच्या वस्तू’ असे लिहिलेले होते आणि सोबत वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र नव्हते. दुसऱ्या देशातून रोपे मागवताना ते लागते; ते नसल्याने, मी तक्रार केली असती तर बेकायदा माल घेतल्याची कबुलीही मलाच द्यावी लागली असती. त्याने प्रमाणपत्र वाचवले ते फक्त खर्चासाठी, असे आता मला वाटत नाही.

आता मी रोप घेण्याआधी त्याच कुंडीचे, त्या दिवशीची तारीख लिहिलेल्या कागदासह काढलेले छायाचित्र मागते, कलम असेल तर पट्टी सोडून सांधा दाखवायला सांगते आणि शास्त्रीय नाव पावतीवर लिहून घेते. बिया ओल्या भरणात बांधलेल्या नसतील तर पाकीट उघडतही नाही. टाळाटाळ सुरू झाली की मुदतीच्या आत तक्रार नोंदवते, मग समोरचा कितीही धीर धरायला सांगो.

त्या विक्रेत्याची जाहिरात अजून चालू आहे. त्यात एक नवे छायाचित्र आले आहे, आणि त्याखाली ‘ग्राहकाच्या घरी दोन वर्षांत कमरेएवढे’ असे लिहिले आहे. काचेची पडवी, निळी कुंडी आणि कडेला अर्धवट दिसणारा हीटर. ते छायाचित्र मी पाठवलेले आहे आणि त्यातले झाड मँगोस्टीन नाही.