खारी-बटरचा बिछाना: नऊ महिने आणि चार प्रकारची बेडिंग

आमच्याकडे दोन चिंचिला आहेत, म्हणजे दाट मऊ लवेचे, कुरतडणारे छोटे प्राणी. सख्ख्या बहिणी, एक राखाडी, एक फिकट बदामी. नावं खारी आणि बटर. गेल्या ऑगस्टमध्ये इथल्या, म्हणजे ओहायोतल्या कोलंबसजवळच्या एका रेस्क्यूतून (बेघर प्राण्यांच्या आश्रयगृहातून) आणल्या. सोबत पिंजरा, अर्धी पिशवी गवत आणि "बेडिंग (पिंजऱ्याच्या तळाशी अंथरायचं ते) तेवढं बघून घ्या" हा सल्ला. ते बघून घेता घेता मे उजाडला. म्हणून हे सविस्तर लिहितेय.

पहिली चूक पहिल्याच आठवड्यात झाली. पेट शॉपमधल्या मुलाने एक गोणी हातात ठेवली आणि म्हणाला, ही घ्या, घरात वास अजिबात येणार नाही. घरी येऊन उघडली तर खरंच इतका सुंदर वास! नव्या पेन्सिलीला टोक काढल्यावर येतो ना, अगदी तोच. मला तर जूनमधली शाळा आठवली. गोणीवर मागे बारीक अक्षरात लिहिलं होतं: सीडर. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खारी शिंकायला लागली आणि बटरच्या डोळ्यांच्या कडा ओल्या दिसू लागल्या. डॉक्टरांना फोन केला. त्यांनी पहिला प्रश्न औषधाचा किंवा खाण्याचा नाही, बेडिंगचाच विचारला. त्याच रात्री सगळं उपसून टाकलं, ट्रे धुतला, तात्पुरती जुनी फ्लीसची चादर अंथरली. तीन-चार दिवसांत शिंका थांबल्या. योगायोगही असेल, पण पुन्हा आजमावून बघायची माझी हिंमत नाही.

पेन्सिलीचा वास आला यात नवल नव्हतंच म्हणा. इथे 'रेड सीडर' म्हणून जे मिळतं त्यातलं पूर्वेकडचं झाड खरं तर जुनिपरच्या कुळातलं, आणि जुन्या पेन्सिली त्याच लाकडाच्या व्हायच्या. (बाबा फोनवर म्हणाले, "सीडर म्हणजे देवदार, चांगलंच असणार की!" आपला देवदार वेगळा हो बाबा.) तो वास म्हणजे लाकडातली उडून जाणारी तेलं. कसर लागू नये म्हणून कपाटात सीडरचे तुकडे ठेवतात ते त्यांच्याचसाठी. आपण त्याचा वास घेऊन पुढे जातो. चिंचिलाचं नाक मात्र चोवीस तास त्यात असतं आणि वर ती ते कुरतडतेही. १९६७ साली एलियट व्हेसेल यांनी 'सायन्स' नियतकालिकात दाखवलं होतं की सीडर आणि पाइनसारख्या सॉफ्टवुडच्या, म्हणजे सूचीपर्णी झाडांच्या लाकडाच्या बेडिंगवर ठेवलेल्या उंदरांच्या यकृतातली एन्झाइम्स वाढतात आणि झोपेच्या औषधाचा असर लवकर उतरतो. म्हणजे नुसत्या बिछान्यामुळे यकृताला जादा काम लागतं.

आता नीट वाचलं असेल तर लक्षात येईल, त्या यादीत पाइनही आहे. तरीही आज माझ्या पिंजऱ्यात पाइनच आहे. फरक भट्टीचा. 'किल्न-ड्राइड' म्हणजे भट्टीत तापवून वाळवलेलं लाकूड. उष्णतेने ओल जाते आणि त्या तेलांचा मोठा भाग उडून जातो. सगळा नाही, मोठा. सीडरच्या बाबतीत मात्र भट्टीचाही भरवसा धरू नका.

पाइन मी पेट शॉपमधून आणत नाही. शेतीचं सामान मिळतं त्या दुकानातून घोड्यांच्या तबेल्यासाठीची गोणी आणते. दाबून भरलेली असते, सोडली की अडीचपट फुगते. साडेसात डॉलर आणि सहा आठवडे निघतात. घेताना 'लार्ज फ्लेक', म्हणजे मोठी सालपटं, बघून घ्या. 'फाइन' लिहिलेली एकदा आणली, तर हाताने नुसतं पसरताना खोलीत धुरळा. आधीच यांच्या रोजच्या धूळ-अंघोळीने (या पाण्याने नाही, बारीक धुळीत लोळून स्वच्छ होतात) ती खोली पिठाच्या गिरणीसारखी दिसते.

आणि नुसत्या छापील शब्दांवर विसंबू नका. जानेवारीतल्या एका गोणीवर 'किल्न-ड्राइड' ठळक लिहिलेलं होतं, पण तोंड उघडताच ख्रिसमस ट्रीचा वास भपकन आला. मूठभर घेऊन दाबलं तर सालपटं हाताला गार लागली आणि दोन-तीन तुकड्यांवर मधासारखे चिकट ठिपके. ती राळ. दुकानाने कुरकुर न करता परत घेतली. चांगल्या गोणीतली मूठ कोरडी, हलकी असते, दाबून सोडली की उसळून मोकळी होते आणि वास जेमतेम कोऱ्या कागदाइतका.

मध्ये दोन महिने ॲस्पन वापरलं. हे हार्डवुड, म्हणजे रुंद पानांच्या झाडाचं लाकूड, राळेचा प्रश्नच नाही, खाल्लं तरी चिंता कमी. मनाने मी ॲस्पनच्याच बाजूची आहे. पण छोटी पिशवी सोळा डॉलरला, तीन आठवडेही पुरत नाही, आणि तळाशी भुकटी इतकी की मी सोजीची चाळणी काढली. चाळून वापरलं, उत्तम होतं. ज्यांच्याकडे एकच प्राणी आहे त्यांनी डोळे मिटून हेच घ्यावं.

कागदाच्या लगद्याचं बेडिंग चार दिवसांत बंद केलं. शोषून घेतं छान, पण बटर ते गवतासारखं खायला लागली. ओलं झालं की फुगणारी वस्तू, ज्याला उलटी करता येत नाही अशा प्राण्याच्या पोटात नको. मक्याच्या कणसांच्या बुरकुंडांचा चुरा आणि गठ्ठा होणारं कॅट लिटर (मांजरांच्या शी-शूसाठीची वाळू) तर आणलंच नाही.

सध्याची व्यवस्था अशी: खालच्या ट्रेमध्ये दोन-अडीच इंच पाइन, वरच्या फळ्यांवर फ्लीस. टॉवेल नको, त्याच्या फाशांत नखं अडकतात. दोघींनी आपणहून एक कोपरा ठरवलाय, तेवढा रोज उपसते. सगळं दर रविवारी. लेंड्या मात्र काळ्या तांदळासारख्या सगळीकडे, त्याला इलाज नाही. कोपरा ओला राहिला तर मात्र त्रास होतो, कारण यांच्या केसांत बोट घालून कातडी दिसत नाही इतकी दाट लव. एका मुळातून पन्नास-साठ केस. ओल आत गेली की बुरशी. पाइनची पहिली गोणी ऑगस्टात बेसमेंटमध्ये ठेवली होती, तिला आठवड्यात कुबट वास लागला. आता गोणी वरच्या कपाटात. लाकडातल्या बारीक किड्यांसाठी थोडं थोडं पिशवीत भरून दोन दिवस फ्रीझरमध्ये ठेवते, खवलेल्या नारळाच्या पाकिटाशेजारी. नवऱ्याने एकदा चुकून तीच पिशवी वितळायला काढली होती.

पुण्यातली मावसबहीण हॅमस्टर पाळते, तिलाही हेच सांगितलं. तिकडे ऑनलाइन 'वुड शेव्हिंग' म्हणून जे येतं त्यावर बहुतेक वेळा लाकडाचं नावच नसतं. नाव विचारा, न सांगितल्यास घेऊ नका. बाबांनी तिला कोपऱ्यावरच्या सुताराकडून पोतंभर फुकट आणायचा मार्ग सुचवला होता. त्या पोत्यात साग असतो, प्लायवुडचा गोंद असतो, कधी पॉलिशही. रंध्याची सालपटं वेगळी आणि करवतीचा भुसा वेगळा. भुसा नाकात जातो. आणि हो, तिने चिंचिला मात्र घेऊ नये. आमचा एसी बारा महिने वीस-एकवीस अंशांवर असतो, पंचविसाच्या वर यांना धाप लागते. पुण्याचा एप्रिल त्यांना झेपायचा नाही.

जूनमध्ये आई येतेय. सोजीची एक चाळणी जास्त आण म्हटलंय; का ते अजून सांगितलेलं नाही.